उपकाराच्या डब्यातली चिठ्ठी

“सर, ती चिठ्ठी मी उपकाराच्या डब्यात टाकली हुती.”

भर उपासनेत बायकांच्या बाजूच्या चौथ्या बाकावरून सिंधूबाई साळवे उभ्या राहिल्या आणि एवढंच बोलल्या. आवाज चढलेला नव्हता. मेथी मागितली होती आणि पिशवीत शेपू निघाला, असं भाजीवाल्याला सांगावं तितक्या साधेपणानं बोलल्या आणि पुन्हा बसल्या. मी पुढच्या मेजाशी उभा, हातात चिठ्ठ्या. दौंडच्या आमच्या चर्चमध्ये लोकांच्या विनंत्या आणि उपकारस्तुती वाचायचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. रणपिसे सर वाचतात म्हणजे ऐकत राहावं, असं लोक म्हणतात, आणि मला ते खोटं वाटत नाही. अकरा वर्षांत मला मध्येच कुणी टोकलं नव्हतं. चर्चच्या मागून तेवढ्यात एक मालगाडी जाऊ लागली. रेल्वेच्या गावात गाडी गेली की आमचं प्रवचनसुद्धा थांबतं, म्हणून त्या थांबण्याचं इतरांना फारसं काही वाटलं नसावं. माझे मात्र कान तापले होते. गाडी संपल्यावर पाळकसाहेबांनी घाईघाईनं पुढच्या गीताचा नंबर सांगितला, पेटी सुरू झाली आणि शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आतच सिंधूबाई पिशवी उचलून बस गाठायला निघून गेल्या.

चर्चच्या दाराशी दोन पत्र्याचे डबे असतात. एकावर ‘विनंती’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘उपकार’. कुणाचं पोर परीक्षेला बसलंय, कुणाला मोतीबिंदू झालाय, कुणाची बदली रखडलीय, ते विनंतीच्या डब्यात. पोर पास झालं, डोळा उघडला, बदली झाली, की उपकाराच्या डब्यात. उपासनेआधी दहा मिनिटं मी दोन्ही डबे उपडे करतो, चिठ्ठ्या लावतो आणि वाचताना त्यांच्या ओव्या करतो, तिथल्या तिथं. ही माझी खोड. म्हातारी माणसं माना डोलावतात, पोरंपोरी मोबाइलवर रेकॉर्ड करतात. एकदा म्हणालो, भरल्या घागरीचं पाणी, तुझी उपकाराची गाणी, आम्ही गातो दीनवाणी, कृपावंता. उपकार मानणारी माणसं दीनवाणी कशाला होतील, असं माझ्याच मनात आलं होतं, पण यमक जुळलं होतं आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं होतं, मग मीच कशाला तोंड उघडू. तर त्या रविवारी उपकाराच्या डब्यातून पाच चिठ्ठ्या निघाल्या. चौथी म्हणजे वहीच्या पानाचा चतकोर, शाळा लवकर सुटलेल्या बाईचं अक्षर. ‘विक्रमचा हात गेला. प्रभूचे उपकार. सिंधू साळवे.’ विक्रम हा त्यांचा एकुलता मुलगा. शिक्रापूरकडे एका कंपनीत प्रेस मशीनवर कामाला होता. अपघाताचं मी उडत उडत ऐकलं होतं. चिठ्ठी दोनदा वाचली आणि उचलून विनंत्यांत ठेवली. बाई बिचारी दुःखात आहे, डबा चुकली असेल. आणि ‘प्रभूचे उपकार’ हे काय, पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहितात तसं आमच्यात लिहितातच. सिंधूबाई तेव्हा दाराशी चपला काढत होत्या. चार पावलं गेलो असतो तर विचारता आलं असतं. मी गेलो नाही, कारण तेवढ्यात मला ओवी सुचायला लागली होती.

कष्ट करणारा तो हात, हरवला गा यंत्रात, त्याच्या अंधाऱ्या घरात, दिवा लाव. ही ती ओवी. खरं सांगायचं तर मला ती आवडली होती. ‘यंत्रात’ आणि ‘घरात’ यांच्यामध्ये श्वास किती घ्यायचा, ‘दिवा लाव’ म्हणताना आवाज कुठं उतरवायचा, हे सगळं मी मेजाशी जाईपर्यंत मनातल्या मनात घोळवून पाहिलं होतं. म्हणालो तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं आणि मला बरं वाटलं. एका पोराचा हात मनगटापासून गेला आणि मला बरं वाटलं. रविवारी दुपारी मी वरणभात पानात वाढून घेतला आणि त्यात बोटं फिरवत बसलो, तेव्हा हे वाक्य डोक्यात आलं, मग ते जाईना. संध्याकाळी बयाबाई रस्त्यात भेटल्या, म्हणाल्या, “सर, त्या दिव्याचं लई ग्वाड म्हणलात. डोळ्यात पाणीच आलं बघा.” एरवी अशा शाबासकीवर मी आठवडा काढतो. त्या दिवशी त्यांचा मला राग आला. घरी येऊन पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. सिंधूबाई कशाचे उपकार मानत होत्या? हात गेल्याचे? डोकं ठिकाणावर असलेलं माणूस हात गेल्याचे उपकार मानतं का? आणि मानत असेल, तर अकरा वर्षं मी त्या मेजाशी उभा राहून काय करतोय? माझ्या विश्वासाचंच काही खरं नाही, आहे ती नुसती यमकांची हौस, असं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा स्वच्छ वाटलं आणि भीती वाटली.

सोमवारी दात घासताना तो हात आठवला. विक्रम साळवे, नववी ब, खिडकीजवळचा तिसरा बाक. मी मराठी शिकवायचो आणि अक्षराच्या बाबतीत कडक होतो. कडक हा शब्द मी स्वतःसाठी वापरतो, पोरं दुसरा वापरत असतील. विक्रमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. “हात पुढं कर,” मी म्हणायचो. तो उजवा हात पुढं करायचा, तळवा वर, अंगठ्याच्या बुडाशी शाईचा डाग. फूटपट्टी मारायच्या आधी तो डोळे मिटायचा नाही. हाताकडेच बघत राहायचा, तो हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. मारून झाल्यावर मी वर्गाला कविता वाचून दाखवायचो, अगदी त्याच तासाला, त्याच हातात पुस्तक धरून. कवितेनं माणूस हळवा होतो असं मी पोरांना सांगायचो आणि ते सांगताना मला काही चुकल्यासारखं वाटायचं नाही. एकदाही वाटलं नाही. चूळ भरली, आरशात पाहिलं, तोंडावर पाणी मारलं. चिठ्ठी हातात आली तेव्हा हा हात मला आठवला होता का? आठवला असणार. म्हणूनच मी ती घाईनं उचलून विनंत्यांत टाकली आणि वर दयेची ओवी पांघरली. दया दाखवली की माणसाला हिशेब द्यावा लागत नाही, हे मी बरोबर ओळखून होतो.

पण एवढ्यानंही ते संपेना. मंगळवारी मंडईत गेलो आणि रिकामी पिशवी घेऊन परत आलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. कारण या सगळ्याच्या खाली मंगल होती. मंगल माझी बायको, शिरूरची, हसरी, गाण्यात बेसूर आणि तरी चर्चमध्ये सगळ्यात मोठ्यानं गाणारी. दोन वर्षांपूर्वी गेली. पोटाचा आजार, सात महिने. सात महिने दर रविवारी तिचं नाव विनंतीच्या डब्यात असायचं, मीच टाकायचो आणि मीच वाचायचो. दर रविवारी नवी ओवी. त्या काळातल्या ओव्या माझ्या सगळ्यात चांगल्या आहेत, हे मला तेव्हाही कळत होतं. घरी ती विचारायची, “आज काय म्हणालात माझ्यासाठी?” मी म्हणून दाखवायचो. ती डोळे मिटून ऐकायची आणि एकदा म्हणाली, “छान आहे. पण देवाला नीट सांगा हो, मला अजून जगायचंय.” मी म्हणालो, तेच तर सांगतोय. ती गेली त्याच्या पुढच्या रविवारी मी मेजाशी उभा राहून कुणाच्या नातवाच्या जन्माची उपकारस्तुती वाचली. लोक म्हणाले, सरांचा विश्वास बघा, खडक आहे. खडक कसला. त्या दिवसापासून मी दोन्हींपैकी एकाही डब्यात माझी चिठ्ठी टाकलेली नाही. देवाशी अबोला, आणि त्याच्याच घरात त्याच्याशी बोलायची नोकरी. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वाचणाऱ्याला कुणी विचारत नाही. तो म्हणतो आणि बाकीचे आमेन म्हणतात, पद्धतच तशी आहे. आणि आता ही बाई, हात गेलेल्या पोराची आई, उपकाराच्या डब्यात चिठ्ठी टाकून मोकळी होते. मला तिचा हेवा वाटत होता आणि संतापही येत होता, आणि दोन्हींची मला लाज वाटत होती.

बुधवारी सकाळी पाळकसाहेबांना फोन करून विक्रमच्या खोलीचा पत्ता घेतला आणि शिरूरची बस धरली. न्हावऱ्याला उतरून शिक्रापूरची गाडी घ्यायची होती. या बसनं मी दोन वर्षांत गेलो नव्हतो, ही मंगलच्या माहेरची बस. चौफुल्याला बराच वेळ थांबली. पुढं भीमेचा पूल आला, दोन्ही अंगांना ऊस, आणि मला वडील आठवायला लागले. ते उपदेशक होते. निमोण्यापासून वडगाव रासाईपर्यंत पायी आणि पुढं पुढं सायकलवर गावोगावी जायचे, वस्तीत बसून डिमडीवर ख्रिस्ताचं कीर्तन करायचे. त्यांच्या ओव्या लंगड्या. चौथा चरण कधी इतका लांबायचा की डिमडी थांबून वाट बघायची. मला कॉलेजात गेल्यावर त्याची लाज वाटू लागली, आणि आपण कसे बिनचूक लिहितो याचा अभिमान. पण ते कुणाच्या दारात बसले की आधी अर्धा तास नुसतं विचारत राहायचे. म्हशीचं काय झालं, लेकीला नांदवतात का, खोकला किती दिवसांचा. मग त्या घराची ओवी व्हायची, आणि ती ऐकताना बाया पदर तोंडाला लावायच्या, त्यात त्यांच्या म्हशीचंसुद्धा नाव असायचं. मी मागं बसून कंटाळायचो. मला वाटायचं हे विचारणं म्हणजे वेळकाढूपणा, खरं काम ओवीचं. बसमध्ये शेजारच्या माणसानं विचारलं, “कुठवर?” मी म्हणालो, शिक्रापूर. “कोण असतं तिथं?” विद्यार्थी म्हणालो. खिडकीतून धूळ येत होती. न्हावऱ्याला उतरलो तेव्हा परतीची दौंड बस समोर उभी होती आणि तिच्यात चढायला माझा एक पाय उचललाही होता.

शिक्रापुरात दुपारचे तीन वाजले होते. हायवेवर ट्रक एकाला एक लागलेले. मागच्या गल्लीत चाळीसारख्या ओळीनं पत्र्याच्या खोल्या, दारोदारी सेफ्टी बूट आणि दोरीवर निळे युनिफॉर्म. सहाव्या खोलीत सिंधूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्या दचकल्या नाहीत. “या सर. वाटलंच हुतं, याल म्हणून. चहा ठेवते.” विक्रम भिंतीला टेकून कॉटवर बसला होता, दाढी वाढलेली, चेहरा मात्र तोच नववीचा. उजव्या मनगटावर पांढरं बँडेज आणि त्यापुढं काही नाही. मी तिकडं बघायचं टाळत होतो आणि टाळतोय हे त्याला दिसत होतं. त्याच्या मांडीवर दुरेघी वही होती. “बसा सर,” तो म्हणाला आणि वही माझ्याकडे फिरवली. “डाव्या हातानं लिहाय शिकतोय. अक्षर हुतं तेवढंच खराब हाय.” तो हसला. सिंधूबाईही हसल्या. मला हसता आलं नाही. मी म्हणालो, “विक्रम, मी तुला फार मारलं रे त्या हातावर.” त्यानं वही पुन्हा स्वतःकडे फिरवली. मग म्हणाला, “व्हय. लागायचं. मला राग यायचा तुमचा.” पुढं काहीतरी गोड तो बोलेल याची मी वाट बघत होतो, हे मला नंतर कळलं. तो बोलला नाही. पेन्सिल उचलून त्यानं ‘क’ काढायला घेतला, त्याचा दांडा वाकडा गेला, त्यानं परत काढला.

सिंधूबाईंनी कप पुढं केला. मी सारा रस्ता घोकत आणलेलं विचारलं. “सिंधूबाई, माझं चुकलं. पण मला सांगा, तुम्ही उपकार कशाचे मानत होतात?”

“कशाचे म्हंजी?”

“हात गेला त्याचे?”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं झालं. “हात गेल्याचे उपकार मानाय मी काय येडी हाय, सर? माझ्या पोराचा हात हाय त्यो. रोज सकाळी उठती आन् आदी रडती. रडायला चिठ्ठी कशाला लागती?” त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. “ह्यो रामाशीष हाय ना, बिहारचा, ह्याच खोलीत ऱ्हातो, आत्ता कामावर गेलाय. शेजारच्या मशीनवर असतो. हात सापडला तवा साहेब लोक गाडी बघाय पळाले. ह्यानं डोक्याचा गमछा काढला, मनगटावर आवळला आन् धरून बसला. टेम्पोत घातलं. हितं चौकात ट्रक आडवा, पाऊण तास गाडी हलंना. पाऊण तास ह्या गड्यानं मूठ सोडली न्हाई. दवाखान्यात गेल्यावर नर्सबाईनं एक एक बोट धरून सोडवलं त्याचं, बोटं उघडतच नव्हती. डाक्टर म्हणले, मूठ ढिली पडली आसती तर पोरगं वाचलं नसतं. ना जातीचा, ना भाषेचा, ना आपल्या देवाचा. त्याचे उपकार मानले मी. त्याची आई तिकडं लांब, तिला कुणी सांगायचं, तुझं पोर असं हाय म्हणून? म्हणून प्रभूला सांगितलं.”

“मग तसं लिहायचंत,” मी म्हणालो. म्हणताना माझाच आवाज मला मास्तरकीचा वाटला.

“मला येवढं लिहाय येत न्हाई. दोन वळी लिहाय आर्धा तास गेला. मी दारातच हुते की, सर. इचारलं आसतं तर सांगितलं आसतं.”

पस्तीस वर्षं मी पोरांना विचारत आलो की कवीला या ओळीत काय म्हणायचं आहे. कवी हयात नसायचे, उत्तर मार्गदर्शकात असायचं. इथं बाई चार पावलांवर होती. मी चहा पीत राहिलो, तो संपला तरी कप तोंडाला लावत राहिलो. पाऊण तास मूठ. मंगलच्या सात महिन्यांत अशी कुणाची मूठ होती का, हे मला आठवायचं नव्हतं, पण ते आठवत चाललं. तिचे पाय सुजायचे तेव्हा रोज संध्याकाळी शेजारची मोनाली येऊन ते मांडीवर घेऊन बसायची, आणि मी आतल्या खोलीत रविवारची ओवी करत असायचो. मोनालीचं नाव मी कधी कुठल्या चिठ्ठीत लिहिलं नाही. तिला कधी ‘बस, चहा घे’ असंसुद्धा म्हणालो नाही. देवानं माझं ऐकलं नाही एवढंच मी धरून बसलो होतो, आणि पाय धरणारी पोर रोज माझ्यासमोरून आत जात होती. खोलीत उकडत होतं. मला उठून जायचं होतं आणि उठवत नव्हतं.

“प्रार्थना करा, सर,” सिंधूबाई म्हणाल्या आणि पदर डोक्यावर घेतला. आमच्यात कुणाच्या घरून प्रार्थना केल्याशिवाय उठत नाहीत, आणि मी असताना ती दुसरं कुणी करत नाही. विक्रमनं वही बाजूला ठेवली, मान खाली घातली. मी डोळे मिटले. हे प्रभू, म्हणालो. पुढं ओवी हजर असते, बोलवावी लागत नाही, जिभेवर बसूनच असते. त्या दिवशी ती आली. हात, साथ, रात, नाथ, सगळी यमकं रांगेनं आली आणि मला त्यांची किळस वाटली. मी ती जाऊ दिली. मग काहीच आलं नाही. हे प्रभू, पुन्हा म्हणालो. बाहेर ट्रकचा हॉर्न, शेजारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. दारात पावलं वाजली. डोळे किलकिले केले तर निळ्या युनिफॉर्ममधला एक किडकिडीत तरुण पहिली शिफ्ट करून आला होता. आमच्या खाली घातलेल्या माना बघून तो उंबऱ्यातच थांबला, आवाज न करता बूट काढले, आत येऊन विक्रमच्या पायाशी बसला आणि त्यानंही मान खाली घातली. त्याचे हात मांडीवर उघडे पडले होते. ते हात बघितले आणि जे काही दोन शब्द जमत आले होते तेही गेले. किती वेळ गेला कोण जाणे. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेला मास्तर, अकरा वर्षं चिठ्ठ्या वाचणारा वाचक, आणि तीन माणसं माना घालून माझी वाट बघतायत. घामानं सदरा पाठीला चिकटला.

मग सिंधूबाईंचा आवाज आला, तांदूळ निवडताना होता तसाच.

“प्रभू, सरांना आज काय सुचंना. त्यांची मंगलबाई गेल्यापासनं त्यांच्यासाठी कुणी काय मागितलंच न्हाई. तूच समजून घे. आमेन.”

विक्रम आमेन म्हणाला. रामाशीषला वेळ लागला, त्यानं दोघांकडं पाहिलं, मग हळूच तोही आमेन म्हणाला. मी रडत होतो, मोठ्यानं, नाक गळेपर्यंत, आणि कुणी मला थांबवलं नाही. सगळ्यांच्या नंतर, ज्या प्रार्थनेत माझा एकही शब्द नव्हता, तिला मी आमेन म्हणालो.